मलम कुणाच्या घरचं

४ फेब्रुवारी

टाचणीबाईंना थोरल्या बहिणीचा रामराम,

घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस. पत्रात बाई तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं, म्हणून कागद घेतला.

तर बातमी अशी, की आपल्या मलमाच्या कारखान्याला येत्या एप्रिलमध्ये शंभर वर्षं पुरी होतात. शंभर! पणजोबा, आजोबा, बाबा आणि मी. तू त्यात नाहीस, कारण तुला लहानपणापासून तापलेल्या तेलाचा वास सहन होत नाही आणि जुन्या पुस्तकातला कुबट वास मात्र अत्तरासारखा वाटतो. असो, ज्याची त्याची आवड.

शंभरीला काय करायचं म्हटल्यावर तुझे भावोजी म्हणाले, भिंतींना रंग देऊ. मी म्हटलं, रंग काय कोणीही देतं. आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे आहे का? मलम करणारे पुष्कळ असतील, पण 'मलम' हा शब्दच ज्या घरात जन्मला असं घर एकच. बाबा सांगायचे ती गोष्ट आठवते ना? पणजोबा ओट्यावर बसून मेण आणि तेल तळहातानं मळायचे. येणारे-जाणारे विचारायचे, काय मळताय हो? पणजोबा सांगायचे, जे मळतात ते मलम. तिथून शब्द गल्लीत गेला, गल्लीतून गावात, आणि गावातून थेट तुझ्या त्या जाडजूड कोशात पोचला असणार.

म्हणून मी दारावर दगडी पाटी लावायची ठरवली आहे. 'मलम या शब्दाचा जन्म या घरात झाला.' एवढंच. खाली काही नाही, वर काही नाही. पाथरवटाला सांगून झालंय. छान राखाडी दगड निवडलाय, आरशासारखा घासून देतो म्हणाला.

आता तुझं काम. तू कोशाच्या कचेरीत आहेस, तर तिथल्या कागदावर हेच दोन ओळींत लिहून, शिक्का मारून पाठव. समोरचा औषधवाला आहे ना, त्याला सवय आहे, प्रत्येक गोष्टीत पुरावा मागायची. खरं तर हातच्या कंकणाला आरसा कशाला? पण तोंड बंद झालेलं बरं.

भावोजी विचारतात, तुझा खोकला कसा आहे. मी विचारत नाही, कारण तू 'बरा आहे' असंच लिहिणार.

तुझी ताई

&nbsp;

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

खोकला बरा आहे.

शंभरीचं वाचून मी टेबलावरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आमचे मुख्य संपादक, ज्यांना आम्ही पाठीमागे स्वल्पविराम म्हणतो (प्रत्येक दोन शब्दांमागे थांबतात), त्यांनी विचारलं, 'काय, झालं, बाई?' मी म्हटलं, आमच्या घरच्या कारखान्याला शंभर वर्षं होतायत. ते म्हणाले, 'मग, चहा, सांगा.' सांगितला, सगळ्यांना.

आणि गंमत ऐक. आमचं सध्या 'म' चालू आहे. 'म'चं कपाट म्हणजे एक स्वतंत्र खोली आहे म्हण. लाकडी खणांत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. एकेका शब्दावर माणसांनी कुठकुठून टिपून पाठवलेल्या: कुठे वाचला, कोणी वापरला, कशा अर्थानं. 'मऊ' झाला, 'मठ' झाला, आता आम्ही 'मल'च्या आसपास आहोत. मी स्वल्पविरामांकडे गेले आणि 'मलम' मागून घेतला. तो शब्द आता माझ्याकडे आहे, ताई. त्याचा अर्थ, त्याचा उगम, सगळं मी लिहायचं. कोशात नोंदीखाली कोणाचं नाव नसतं, पण मला माहीत असेल ना.

फक्त एक विनंती. मी चिठ्ठ्या बघेपर्यंत दगडाला हात लावू देऊ नकोस. बाबांची गोष्ट मलाही पाठ आहे, पण शब्द पणजोबांपेक्षा वयानं मोठा निघाला तर? तसं वाटतंय खरं.

तुझी टाचणी

&nbsp;

१५ फेब्रुवारी

टाचणे,

मोठा निघाला तर निघू दे! पणजोबांच्या आधी पणजोबांचे पणजोबा होतेच की, ते काय आभाळातून पडले? तेही मळतच असतील.

दगडाला हात लावू नको म्हणतेस, आणि इथे पाथरवटाचा 'म' कोरूनसुद्धा झाला. बघून आले. असा डौलदार 'म' आहे की बाबांनी पाहिला असता तर चष्मा पुसून पुन्हा पाहिला असता. आमंत्रणंही गेली. वरच्या अंगाचा शिंपी, कुलूपवाला, दवाखान्यातल्या दोन्ही परिचारिका, शाळेचे हेडमास्तर, आणि औषधवाला. त्याला मुद्दाम स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, 'शब्द तुमच्या घरचा? पुरावा काय?' मी म्हटलं, माझी बहीण पुरावा घेऊन येते आहे. तो हसला. हसू दे.

तू काय ते लवकर बघ. चिठ्ठ्या चाळायला कितीसा वेळ लागतो? मी एका सकाळी अख्खं पातेलं उतरवते.

ताई

ता. क. शब्द मागून घेतलास ते बरं केलंस. दुसऱ्या कोणाच्या हातात पडला असता तर वाट लावली असती.

&nbsp;

२ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

शब्द आपल्या घरचा नाही.

खाली बस आणि पुढचं वाच. मी घाईनं बोलत नाहीये. खणातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, टेबलभर मांडल्या, पंखा बंद केला म्हणून सगळ्यांची बोलणी खाल्ली. 'मलम' आपल्या भाषेत फारसीतून आला. तिथे तो 'मरहम' आहे. फारसीत अरबीतून आला. शेजारच्या भाषांमध्ये 'मरहम' आणि 'मलहम' आजही जिवंत आहेत, लोक रोज बोलतात. अरबीच्याही मागे जाणारे अभ्यासक आहेत, ते म्हणतात की मूळ एक जुना ग्रीक शब्द असावा. तो शब्द ज्या क्रियापदातून निघाला त्याचा अर्थ मऊ करणं. कडक झालेलं, सुजलेलं, दुखणारं मऊ करणारी वस्तू, ते मलम. ही शेवटची पायरी तर्काची आहे, पण फारसी-अरबीची पायरी पक्की आहे.

'मळणे'शी त्याचं नातं नाही. दिसायला सारखे दिसतात, एवढंच. गल्लीत दोन माणसांची नाकं सारखी असली म्हणून ती भाऊ होत नाहीत.

ताई, मला यात वाईट काही दिसत नाही. उलट मी दिवसभर हरखून बसले होते. किती हातांतून आला बघ हा शब्द! कुठल्या कुठल्या वैद्यांनी, व्यापाऱ्यांनी, घोड्यांचे खूर बघणाऱ्यांनी, सैन्यामागून चालणाऱ्या जखमा बांधणाऱ्यांनी तो तोंडात धरून आणला असेल. ज्याला ज्याला लागलं, त्यानं तो शब्द मागितला. पोटापाण्याच्या शब्दांपेक्षाही दुखण्याचे शब्द लांब जातात, असं आता मला वाटायला लागलंय.

शिक्क्याचा कागद मात्र पाठवता येत नाही. पाटीवर दुसरं काही कोरता येईल का? 'या घरात शंभर वर्षं मलम होतं आहे.' हेही काही लहान नाही गं.

तुझी टाचणी

&nbsp;

६ मार्च

बाईसाहेब,

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं बाबा उगाच म्हणत नसत.

तुझ्या पत्राची सुरुवात वाचली आणि पातेलं चुलीवर तसंच ठेवून बाहेर आले. भावोजींनी धावत जाऊन उतरवलं, नाहीतर मेण पेटलं असतं. 'शब्द आपल्या घरचा नाही.' एवढं सरळ! अगं, शेजारणीला तिचं पोर पडल्याचं सांगतानासुद्धा आपण आधी म्हणतो, थोडंसं खरचटलंय.

मला सांग, बाबा खोटं बोलत होते? पणजोबा खोटं बोलत होते? शंभर वर्षं आम्ही लोकांची भाजलेली बोटं, फुटलेल्या टाचा, शिंप्याची सुई रुतलेली नखं बरी केली, आणि ज्या नावानं केली ते नावसुद्धा आमचं नाही. म्हणजे आम्ही भाडेकरू! मग आमचं आहे तरी काय?

तू हरखून बसलीस म्हणे. बस. तुझ्या त्या चिठ्ठ्यांनी आजवर कोणाची जखम बरी झाली आहे?

आता नीट ऐक. तू तिथे आहेस, शब्द तुझ्या हातात आहे. मी तुला खोटं लिहायला सांगत नाही. माझी तेवढी लाज शिल्लक आहे. 'मळणे'पासून आला असं लिहू नकोस. फक्त 'उगम अनिश्चित' एवढंच लिही. दोन शब्द. तू स्वतःच म्हणतेस ना, की ग्रीकपर्यंतची गोष्ट तर्काची आहे? मग अनिश्चितच झालं की. त्या दोन शब्दांत माझी पाटीही राहते, बाबांचा मानही राहतो, आणि औषधवाल्याला काही दाखवता येत नाही. पाटी कोरून झाली आहे, टाचणे. दगड आहे तो, पाटीपेन्सिल नाही पुसायला.

लोकांमध्ये माझं नाक कापायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे.

ताई

&nbsp;

१२ मार्च

ताई,

'उगम अनिश्चित' लिहिता आलं असतं. तुझं पत्र यायच्या आधीच स्वल्पविराम म्हणाले होते, 'घरचा, प्रश्न, असेल, तर, अनिश्चित, म्हणा. कोणी, विचारणार, नाही.' भला माणूस आहे. मी शिसपेन्सिलीनं लिहूनही बघितलं. चांगलं दिसत होतं. मग खोडलं.

अनिश्चित म्हणजे आम्हाला सापडत नाही. मला सापडलंय. कोश उघडणारा माणूस मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. तो नुसता विश्वासावर पान उलटतो. त्याला मी माझ्या घराच्या मानापायी फसवलं, तर उरलेल्या साऱ्या नोंदींचं काय? मग माझ्या कुठल्याच शब्दाला काही अर्थ राहत नाही.

चिठ्ठ्यांनी कोणाची जखम बरी झाली विचारतेस. नसेल झाली. पण मी तुझ्यासारखंच रोज सकाळी कामावर जाते, ताई, आणि तुझ्यासारखंच ते काम नीट करते. मला त्याचा अभिमान आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. लोकांना तू 'ती ऑफिसात असते' एवढंच सांगतेस. कसलं ऑफिस, ते एकदा तरी सांगून बघ.

नोंद मी खरी लिहिणार आहे. तुझं नाक कापलं जाणार असेल तर माझंही कापलं जाईल, एकाच घरातली नाकं आहेत.

टाचणी

&nbsp;

२७ मार्च

चि. धाकटीस भावोजींचा आशीर्वाद,

हे कार्ड तुझ्या ताईला न सांगता टाकतोय, तेव्हा उत्तर पाठवू नकोस. तुझं पत्र आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझा काय संबंध, ते अजून कळलेलं नाही. घरात इतकी शांतता आहे की मला पहिल्यांदाच आमचं घड्याळ ऐकू आलं. ते चांगलंच पुढे आहे.

ती सकाळपासून कारखान्यात असते. पाटी कोरून आली आहे, कापडात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवली आहे. पाहुण्यांना वाटायला डब्या भरायच्या आहेत. समारंभ दहा एप्रिलला सकाळी. ती रद्द करेल असं दिसत नाही आणि करणार नाही असंही दिसत नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. पण तू कच खाऊ नकोस. हे मी म्हटलं असं तिला कळवू नकोस.

भावोजी

&nbsp;

२ एप्रिल

प्रिय ताई,

'मलम'ची नोंद छापायला गेली. छापखान्यातून आलेलं मुद्रित मी स्वतः तपासलं. सोबत त्याची नक्कल पाठवते आहे. औषधवाल्याच्या तोंडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून वाचावीस, म्हणून.

'मलम : न. भाजणे, कापणे, कातडी फुटणे, गळू यांवर लावायचे मऊ, स्निग्ध औषध. मेण, तेल, राळ इ. एकत्र करून करतात. [फा. मरहम, मूळ अ.; त्यामागे "मऊ करणारे" अशा अर्थाचा ग्रीक शब्द असावा असा तर्क.]'

त्यातलं 'मेण, तेल, राळ' जुन्या कोशांतून उचललेलं नाही. ते मी आपल्या कारखान्यातून घेतलं, डोळे मिटून, वासावरून.

दहा तारखेला मी येत नाही. पुढच्या पानांची मुद्रितं आहेत हे खरं आहे, पण बोलावलं असतंस तर मी ती बरोबर घेऊन आले असते, हेही खरं आहे.

सगळं छान होवो.

टाचणी

&nbsp;

१२ एप्रिल

टाचणे,

आधी भांडते, मग बाकीचं.

तुला बोलावलं नाही म्हणतेस? घरच्या माणसाला कधीपासून आमंत्रण लागायला लागलं? मी आमंत्रण पाठवलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, मला परक्यासारखं बोलावलं. तुझ्याशी कुणी जिंकत नाही. मला मात्र दहा तारखेला सकाळपासून फाटकाकडे बघत राहावं लागलं. तो राग अजून उतरलेला नाही, तेव्हा समोर आलीस की काढणार आहे.

आता ऐक. तुझं खोडलेल्या पेन्सिलीचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून चुलीत घालणार होते. घातलं नाही, डबीच्या फडताळात टाकलं. नोंदीची नक्कल आली तीही तिथेच टाकली. न वाचता.

पाच तारखेला पाहुण्यांसाठीचा घाणा घेतला. सगळ्यात मोठं पातेलं. मेण विरघळलं, तेल गेलं, राळ गेली, पातेलं खाली उतरवलं. तुला वासाचा त्रास म्हणून तू कधी शेवटपर्यंत थांबली नाहीस, तर सांगते: खरं काम खाली उतरवल्यावरच सुरू होतं. गार होत येईल तसं ढवळत राहायचं, पूर्ण गार होईपर्यंत. हात थांबला की कडेचं आधी गोठतं, मधलं मागे राहतं, आणि मलम दाणा धरतं. मी ढवळत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. तेवढ्यात भावोजी आत डोकावले आणि म्हणाले, 'फार जोरात ढवळू नकोस, खांदा दुखेल.' झालं! हात सोडून मी त्यांच्याकडे वळले आणि गेल्या तीन आठवड्यांचं सगळं ऐकवलं. तुझं, माझं, त्यांच्या रंगाचं, सगळं.

परत वळले तर कडेनं गोठलं होतं. तरी घोटलं, फरशीवर घेऊन मळलं, मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघितलं. दाणा. बारीक, रव्यापेक्षा बारीक, पण दाणा. भाजलेल्या कातडीवर तो दाणा काय करतो ते मला माहीत आहे.

भावोजींनीही चोळून बघितलं. म्हणाले, 'मला तर काही लागत नाही. वाटायचंच आहे, विकायचं कुठेय? कोणाला कळणार?'

मी ओरडले, 'मला कळलंय ना!'

असं ओरडले की समोरून औषधवाल्यानं मान बाहेर काढली. आणि मग मी स्टुलावर बसले, टाचणे. कारण मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. 'मला सापडलंय', असं तू लिहिलं होतंस. मी फडताळातून तुझी दोन्ही पत्रं काढली आणि बसल्या जागी वाचली. अक्षर मेणानं चिकट झालं होतं, तरी वाचलं. मग अख्खा घाणा पुन्हा चुलीवर चढवला. भावोजींनी निमूटपणे लाकडं आणून दिली.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाला बोलावलं. म्हटलं, अक्षरं काढ. तो म्हणाला, बाई, कोरलेलं काढता येत नाही, दगड आणखी खोल खणावा लागतो, मग खड्डाच दिसतो. मी म्हटलं, मग मागची बाजू घास. त्यानं घासली. काय घासली म्हणून सांगू! बोट घसरतं.

दहा तारखेला अंगण भरलं होतं. परिचारिका आल्या, शिंपी आला, हेडमास्तर आले, फुटलेल्या टाचांच्या बायका तर केवढ्या आल्या. मला वाटलं नव्हतं इतक्या लोकांना आपण लागतो. टेबलावर कापड झाकून दगड ठेवला होता. मी कापड ओढलं. खाली कोरा दगड. कुलूपवाला म्हणाला, 'अहो, लिहायचं राहिलं वाटतं!' सगळे हसले. मीही हसले, नाहीतर रडले असते.

मग मी सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर, पदरानं घाम पुसत. म्हटलं, मी तुम्हाला सगळ्यांना सांगत सुटले होते की मलम हा शब्द आमच्या घरचा. तो आमच्या घरचा नाही. लांबून आला आहे. फारसीतून, तिथे त्याला 'मरहम' म्हणतात, त्याच्या आधी अरबीतून, आणि त्याच्याही आधी कदाचित आणखी कुठून. आमच्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, ते त्यांनी प्रेमानं आम्हाला सांगितलं, त्यांचा दोष नाही. शब्द जगाचा आहे. मेण माशीचं आहे, तेल तेल्याचं आहे. आमचा फक्त हात आहे, आणि तो शंभर वर्षं थांबलेला नाही. हा दगड आता मलम घोटायची फरशी म्हणून वापरणार. अक्षरं खालच्या बाजूला राहतील, आमच्या आम्हाला आठवण म्हणून.

टाळ्या पहिल्यांदा भावोजींनी वाजवल्या, चुकीच्या ठिकाणी, मी अजून बोलतच होते. मग सगळ्यांनी वाजवल्या. 'मरहम, मरहम' म्हणत शाळेची पोरं अंगणभर पळत होती. मला गंमत वाटली, की इतका लांबचा शब्द, पण आपल्या लोकांनी त्याला बोलून बोलून कसा गुळगुळीत केला. आता त्यात एकही खडा नाही.

फरशी वापरात आली. जुनीपेक्षा बरी आहे, मलम चिकटत नाही. कोशाचा तो खंड छापून झाला की एक प्रत इथे हवी, कारखान्यात ठेवायला, घरात नाही. तेल लागेल पानांना, त्याला इलाज नाही. आणि तू ये. तोंडाला रुमाल बांधून ये, पण या वेळी पातेलं पूर्ण गार होईपर्यंत थांब.

एक राहिलंच. माझं बोलणं संपल्यावर औषधवाला उठला. त्याच्याशिवाय कोण उठणार? म्हणाला, 'हे फारसी-बिरसी तुम्हाला कोणी सांगितलं?'

मी म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीनं. ती भाषेचा कोश करते. शब्द कुठून आला, कसा आला, काय अर्थ घेऊन आला, ते शोधून लिहून ठेवते. त्यातला 'मलम' तिनं लिहिलाय.

तो म्हणाला, 'आणि ती चुकली असेल तर?'

मी म्हटलं, ती आमच्या घरातली आहे. आमच्या घरातून दाणा राहिलेला माल बाहेर पडत नाही.

मग तो खाली बसला.

तुझी ताई